फ्लेक्सी टाइम फक्त आपल्यालाच का?

आयटीवाल्यांवर राग धरायला लोकांना फारशी कारणं लागत नाहीत. पगार, एसी, शनिवार-रविवार सुट्टी वगैरे वगैरे. त्यातलं एक कारण मात्र मला अगदी रास्त वाटतं : आपल्याला घड्याळाचा जाच नाही. दहाला पोचलो काय, पावणेअकराला पोचलो काय, स्टँडअपला तोंड दाखवलं की झालं. गाड्या लेट असतील तर ग्रुपवर ‘ट्रेन इश्यू, जॉइनिंग फ्रॉम फोन’ एवढं टाकायचं. कुणी विचारत नाही.

आता त्याच इमारतीत आपल्या आधी आलेली माणसं बघा. गेटवरचा सिक्युरिटीवाला, लिफ्टची काच पुसणाऱ्या हाऊसकीपिंगच्या मावशी, कँटीनमधला पोऱ्या, खाली दुकानात शटर उघडणारी मुलगी. त्यांना आठ म्हणजे आठ. आठ वाजून सहा मिनिटांनी मशीनवर बोट टेकवलं की लेट मार्क. बऱ्याच कंत्राटदारांकडे हिशेब असा की तीन लेट मार्क म्हणजे अर्धी हजेरी कट. म्हणजे ज्याच्या कामात वेळेचा तुकडा विकला जातो त्याला एक मिनिट इकडेतिकडे नाही, आणि ज्याचं काम घड्याळाशी बांधलेलंच नाही त्याला सगळी मोकळीक. हे उलटं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

तर मुद्दा असा की कामाची वेळ किती वाजता सुरू होणार यात थोडी सूट सगळ्यात आधी पाळीवाल्यांना मिळायला हवी. ‘वाटेल तेव्हा या’ असं मी म्हणत नाहीये. तास तेवढेच, काम तेवढंच, फक्त सुरुवात अर्धा-पाऊण तास पुढेमागे करायची मुभा. आणि हे होऊ शकतं. कसं, ते पुढे सांगतो.

आधी ते अर्ध्या हजेरीचं गणित करू. तीन वेळा सहा-सहा मिनिटं उशीर म्हणजे एकूण १८ मिनिटं. आठ तासांच्या पाळीत अर्धी हजेरी म्हणजे २४० मिनिटं. १८ मिनिटांना २४० मिनिटांचे पैसे कापले, म्हणजे तेरा पटींहून जास्त. एवढा व्याजदर सावकारसुद्धा लाजत लाजत सांगेल. गंमत म्हणजे कायदा याबाबत गेली कित्येक वर्षं स्पष्ट आहे. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने सांगितलं होतं की माणूस जेवढा वेळ गैरहजर, त्याच प्रमाणात पैसे कापता येतील, जास्त नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही तेच तत्त्व आहे. दंड म्हणून पैसे कापायचे असतील तर त्याची वेगळी पद्धत आहे : कोणत्या गोष्टीला दंड, त्याची मंजूर यादी आधी लावायची, कामगाराला त्याची बाजू मांडू द्यायची, आणि एकूण दंड त्या काळातल्या पगाराच्या ३ टक्क्यांपलीकडे न्यायचा नाही. आता तुमच्या ऑफिसातल्या हाऊसकीपिंगच्या सुपरवायझरला विचारून बघा ती यादी कुठे लावली आहे ते :)

पण उशीर मुळात होतो का? आळस म्हणून? आमच्या मजल्यावर काम करणाऱ्या मावशी घाटकोपरला डोंगराच्या बाजूला राहतात. एकदा सहज विचारलं, मावशी, एवढी धावपळ का? त्या म्हणाल्या, “अरे बाळा, पाणी सव्वासहाला येतं आणि सातला जातं. पाणी भरलं नाही तर दिवसभर घरात पोरं काय पितील? ते भरून निघायचं, मग मेट्रोची लाईन, मग तुमचं हे मशीन.” मुंबईत महापालिकेचं पाणी बहुतेक वस्त्यांत ठराविक वेळेलाच येतं. पाण्याची वेळ मावशी ठरवत नाहीत, मेट्रोची रांग त्या ठरवत नाहीत आणि पाळीची वेळही त्या ठरवत नाहीत. तीन वेगवेगळ्या खात्यांनी ठरवलेल्या तीन वेळा जुळवायचं काम मात्र त्यांचं.

त्यात आता चौथी वेळ आली आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने आदेश काढला की पूर्वप्राथमिक ते चौथीच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. लहान मुलांची झोप व्हावी हा उद्देश चांगलाच आहे. पण ज्या आईची हजेरी आठला, तिच्या पहिलीतल्या मुलाला नऊच्या शाळेत कोण सोडणार? शेजारीण, आजी, नाहीतर पाचवीतली ताई. शाळेची वेळ बदलताना आईच्या पाळीची वेळ कुणी विचारात घेतली नाही, कारण ती दुसऱ्या कुणाच्या तरी फायलीत आहे. आपल्याकडे वेळा बदलतात तेव्हा अशाच एकेकट्या बदलतात.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपण सगळ्यांनी पाहिलंय. कोविडनंतर १ फेब्रुवारी २०२१ पासून सर्वसामान्यांना लोकलने जायची परवानगी मिळाली, पण ठरलेल्या वेळेतच. पहिल्या लोकलपासून सकाळी सातपर्यंत, मग दुपारी बारा ते चार, मग रात्री नऊनंतर. त्याआधी २१ ऑक्टोबर २०२० पासून बायकांना अकरा ते तीन आणि संध्याकाळी सातनंतर मुभा होती. कागदावर कल्पना उत्तम, गर्दी वाटली जाते. पण कामाच्या जागांच्या वेळा बहुतेक ठिकाणी त्याप्रमाणे हलल्या नाहीत. नऊची पाळी नऊलाच राहिली. मग नऊच्या पाळीचा माणूस सातच्या आत गाडी पकडून दीड-दोन तास आधीच येऊन बंद शटरबाहेर बसला, आणि सुटल्यावर रात्री नऊ वाजायची वाट बघत पुन्हा बसला. आठ तासांच्या पगारात साडेतेरा-चौदा तास गेले. रेल्वेने वेळा लवचिक केल्या, त्याची किंमत कामगाराने त्याच्या झोपेतून दिली.

आणि किंमत नेहमी झोपेचीच असते असंही नाही. ९ जून २०२५ ची सकाळ आठवा. मुंब्र्याजवळ शेजारून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारात लटकलेली माणसं खाली पडली आणि त्यात जीव गेले. २०२४ या एका वर्षात मुंबईच्या उपनगरी रेल्वेमार्गांवर २,४०० हून जास्त माणसं मेली. रूळ ओलांडताना, गाडीतून पडून. यातला प्रत्येक जण लेट मार्क टाळायला धावत होता असं म्हणणं चूक ठरेल, आणि मी ते म्हणत नाही. पण दिव्याला किंवा कळव्याला फलाटावर उभं राहून ‘ही गाडी सोडू, पुढची घेऊ’ असा विचार कोण करू शकतो? ज्याला दहा मिनिटं उशीर परवडतो तो. आपल्याला परवडतो. ज्याची अर्धी हजेरी जाते त्याला ‘पुढची गाडी’ हा पर्यायच नसतो. त्याची सुरुवात पाऊण तास हलवता येत असेल तर तुम्ही त्याला पुढची गाडी देता. नवी गाडी, नवा रूळ, नवा पूल, काही न बांधता.

रेल्वेला हे कळत नाही असं नाही. २०२३ मध्ये मध्य रेल्वेने कार्यालयांना वेळा बदलण्याचं आवाहन केलं आणि स्वतःच्या सीएसएमटीच्या कर्मचाऱ्यांसाठी साडेनऊ आणि साडेअकरा अशा दोन वेळा ठेवल्या. मुंब्र्यानंतर पुन्हा शेकडो कार्यालयांना पत्रं गेली. चांगलंच आहे. पण ‘कार्यालय’ हा शब्द बघा. त्या पत्रात टेबल-खुर्चीवाला माणूस आहे. मॉलमध्ये आठ तास उभी राहणारी मुलगी, सीप्झमधल्या युनिटमध्ये दागिने पॉलिश करणारा कारागीर, सोसायटीचा वॉचमन यांच्यापर्यंत ते पत्र पोचतच नाही, कारण त्यांचा मालक त्या इमारतीत बसत नाही. तो कंत्राटदार असतो, आणि कंत्राटात एकच ओळ असते : ‘सकाळी आठ ते’.

मुंबईत हे भांडण नवीन नाही, बरं का. १ जानेवारी १९०६ पासून देशाची एकच प्रमाणवेळ सुरू झाली. ती मुंबईच्या वेळेपेक्षा ३९ मिनिटांनी पुढे होती. सूर्य तोच, भोंगा मात्र ३९ मिनिटं आधी. त्याच जानेवारीत जेकब ससून मिलच्या कामगारांनी याविरुद्ध काम बंद केलं. नंतर महापालिकेनेही हट्टाने जुनी मुंबई वेळ धरून ठेवली, ती थेट १९५५ पर्यंत. साहेब लोकांना वाटलं असेल, घड्याळाचा काटा हलवला तर यांना काय त्रास? त्रास हा की काटा हलवताना ज्यांनी अंधारात उठायचं त्यांना कुणी विचारलं नाही. एकशेवीस वर्षं होत आली, प्रश्न तोच आहे.

आणि ज्या फ्लेक्सी टाइमला आपण आयटीची देणगी समजतो, तो निघाला कुठून माहितीये? १९६७ मध्ये जर्मनीत, म्युनिकजवळ ओटोब्रुन इथे, विमानं बनवणाऱ्या बोल्कोव या कंपनीत. कारण अगदी आपल्यासारखं होतं : सगळे एकाच वेळी येत, त्यामुळे रस्त्यावर आणि गेटवर तुंबायचं. त्यांनी मधले काही तास सगळ्यांना सक्तीचे ठेवले आणि आधी-नंतरचा वेळ ज्याचा त्याच्यावर सोडला. म्हणजे मूळ कल्पना ‘क्रिएटिव्ह लोकांना मोकळीक’ वगैरे नव्हतीच. गेटवरची गर्दी कमी करायची साधी इंजिनिअरिंगची युक्ती होती. आपण ती उचलली, एचआरच्या स्लाइडवर लावली आणि गेटवरच्या माणसाला विसरलो.

आता आक्षेप. सगळ्यात मोठा आणि खरा आक्षेप : “अरे, तुझं कोड अकराला लिहिलं तरी चालतं, पण गेट रिकामं ठेवून चालेल का? मशीन कोण चालवणार?” बरोबर आहे. पण ‘पाळीची कामं’ म्हणून सगळी एका गोणीत भरली जातात तिथे घोळ होतो. मला त्यात तीन प्रकार दिसतात.

पहिला प्रकार सुट्या कामांचा. मजला पुसणं, माल मोजून रॅकवर लावणं, पॅकिंग, डेटा एंट्री. इथे एकाचं काम दुसऱ्यासाठी अडत नाही. साडेसात, आठ, साडेआठ असे तीन स्लॉट करा, महिन्याच्या सुरुवातीला ज्याने त्याने आपला निवडावा, आणि जेवढी मिनिटं उशिरा आला तेवढी शेवटी भरून द्यावी. काहीही अडत नाही.

दुसरा प्रकार साखळीच्या कामांचा. असेंब्ली लाईन, हॉटेलचं किचन. इथे एकटा माणूस हलू शकत नाही, पण अख्खी टीम हलू शकते. लाईन आठऐवजी साडेसातला सुरू करायची की साडेआठला, हे लाईनवरच्या लोकांना विचारून ठरवता येतं. त्यांच्या गाड्या, त्यांचं पाणी, त्यांच्या शाळा त्यांना माहीत असतात.

तिसरा प्रकार बदलीचा. गेट, नर्स, बसचा कंडक्टर. पुढचा आल्याशिवाय मागचा जाऊ शकत नाही. इथे सूट जोडीला द्यायची. आमच्या मुलुंडच्या सोसायटीत हे केलं. दोन वॉचमन, आठ ते आठ. (बारा तासांची ड्युटी हा वेगळाच विषय आहे, त्यावर पुन्हा कधीतरी.) दिवसपाळीवाला दिव्याहून येतो, आठच्या हिशेबाने त्याला नेमकी सगळ्यात भरलेली गाडी मिळायची. मीटिंगमध्ये मी विषय काढला तर सेक्रेटरी काका म्हणाले, “अरे, नियम म्हणजे नियम. उद्या हा म्हणेल नऊला येतो.” मी म्हटलं, “काका, ते दोघं आपापसात ठरवतील, आपल्याला गेटवर माणूस असल्याशी मतलब.” दोघांनी सव्वासात ठरवली. रजिस्टरमध्ये एक ओळ बदलली, एजन्सीला एक फोन केला. सोसायटीचा खर्च शून्य रुपये. काका आता हे त्यांनीच सुचवलं असं सांगतात. असो, चालायचंच.

बदलीच्या कामात आणखी एक गोष्ट हवी : दोन पाळ्या पंधरा मिनिटं एकमेकींवर चढवायच्या आणि त्या पंधरा मिनिटांचे पैसे द्यायचे. आपल्याकडे प्रॉडक्शन सपोर्टमध्ये हँडओव्हर कॉल असतो ना, तसंच. कारखान्यांत मात्र इथे कायदा आडवा येतो. १९४८ च्या फॅक्टरीज ॲक्टमध्ये ५८ वं कलम होतं : एकाच प्रकारच्या कामावर एका वेळी दोन पाळ्यांची माणसं नकोत. नव्या संहितेतही हा नियम आला आहे. तो उगाच नाही. पाळ्या एकमेकींत मिसळल्या की कोण किती तास राबतोय हे तपासणाऱ्याला कळत नाही, आणि मालक गुपचूप जास्त राबवून घेऊ शकतो. पण ते हजेरी वहीत टिंब मारायच्या जमान्यातलं दुखणं होतं. आता प्रत्येकाची आत-बाहेरची वेळ सेकंदासकट मशीनवर असते. सरकारला सूट द्यायचा अधिकारही आहे. मिनिटांचा हिशेब कामगारालाही त्याच्या मोबाइलवर दिसेल अशी अट घालून ही सूट सहज देता येईल. ज्या मशीनवर लेट मार्क मोजता त्याच मशीनवर ओव्हरटाइमही मोजा, एवढंच.

दुसरा आक्षेप : धंद्याला परवडेल का? अमेरिकेत गॅप या कपड्यांच्या कंपनीने सॅन फ्रान्सिस्को आणि शिकागोच्या काही दुकानांत काही संशोधकांबरोबर एक प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. दुकानातल्या तासांवर काम करणाऱ्या लोकांच्या पाळ्या जास्त स्थिर केल्या, सुरू-संपण्याच्या वेळा नीट बांधल्या, आपापसात पाळ्या अदलाबदल करायला ॲप दिलं. विक्री सुमारे ७ टक्क्यांनी वाढली. कारण अनुभवी माणसं टिकली, आणि ती माल ओळखतात, गिऱ्हाईक ओळखतात. अमेरिका आणि अंधेरी सारखी नाही, मान्य. पण हाऊसकीपिंगची माणसं दर दोन-तीन महिन्यांनी बदलतात आणि दर वेळी नव्याला ‘सर्व्हर रूममध्ये ओलं फडकं नेऊ नको’ इथपासून शिकवावं लागतं, हे आपल्यालाही ठाऊक आहे.

एक छोटी गोष्ट जपानकडून घेण्यासारखी आहे. तिथे गाडी उशिरा आली तर रेल्वे तसं प्रमाणपत्र देते, आणि ते दाखवलं की ऑफिस उशीर मोजत नाही. आपल्याकडे लोकल कुठे अडकली आहे हे प्रत्येकाच्या मोबाइलवर दिसतं. मग पावसात सायन-कुर्ल्याला पाणी भरून गाड्या तासभर बंद असताना त्या दिवसाचे लेट मार्क आपोआप पुसले का जात नाहीत? हा सॉफ्टवेअरचा प्रश्न म्हणाल तर एका वीकेंडचं काम आहे.

आता खरी भीती सांगतो. ‘लवचिकता’ हा शब्द सध्या सगळ्यांना आवडतो, पण कुणाची लवचिकता ते कुणी सांगत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दुकानं-आस्थापनांमधली कामाची दिवसाची मर्यादा ९ तासांवरून १० आणि कारखान्यांत ९ वरून १२ करायला मंजुरी दिली. तीही लवचिकताच म्हणवली गेली. मालकाला पाहिजे तेव्हा दिवस लांबवता येणं ही एक लवचिकता, आणि मावशींना पाणी भरून येता येणं ही दुसरी. पहिली लगेच मंजूर होते. दुसरीसाठी फाइलसुद्धा उघडत नाही. म्हणून मी जी सूट म्हणतोय तिला दोन अटी हव्यातच : वेळ निवडणार कामगार, आणि एकदा निवडलेली वेळ निदान महिनाभर कुणी त्याच्या मर्जीशिवाय बदलणार नाही. या दोन अटी काढल्या तर उरेल ते ‘आज पाचला ये, उद्या अकराला ये’. मग त्यापेक्षा आठचं मशीन बरं.

सरकार हे कधी करेल माहीत नाही. पण हे वाचणाऱ्यांपैकी बरेच जण सोसायटीच्या कमिटीवर आहेत, काही टीम लीड आहेत, एखाद-दोघं ॲडमिनमध्ये आहेत आणि हाऊसकीपिंगचं कंत्राट त्यांच्या सहीने दरवर्षी नवं होतं. तुमच्या हातात तीन गोष्टी आहेत. कंत्राटात ‘सकाळी आठ’च्या जागी ‘साडेसात ते साडेआठच्या दरम्यान, कामगाराने निवडल्याप्रमाणे’ लिहा. उशिराचे पैसे मिनिटाच्या हिशेबानेच कापले जातील अशी ओळ घाला. आणि हे करण्याआधी ज्यांना रोज यायचं आहे त्यांना विचारा की तुमची सोयीची वेळ कुठली. उद्या सोमवार आहे. आपण दहाला पोचू तेव्हा त्या तिथेच असतील, विचारायला दोन मिनिटं लागतील.